बार्थेल ७५ म्हणजे फर्स्ट क्लास का हो?

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आई ६६ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी पहाटे अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही. साडेचार तासांच्या आत पोचलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, हे आम्हाला दुपारी बारा वाजता दवाखान्यात कळलं. असो.

आता काठी घेऊन चालते. उजवा हात खांद्यातून जरासा उचलते, बोटं मिटलेलीच. बोलण्यात "हो", "नको", "अगं" आणि एक शिवी. शिवी मात्र खणखणीत.

डिस्चार्जच्या कागदावर "बार्थेल ४५" होतं, परवा फिजिओंनी ७५ लिहिलं. पुण्याच्या धाकट्या भावाने लगेच घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकले, "आई डिस्टिंक्शनमध्ये!" आणि इथे कराडला माझ्यासमोरची आई अशी: वहिनी भरवते, मी वेणी घालते, दादा दंडाला धरून संडासापर्यंत नेतो. मग हे ७५ आले कुठून?

दुसरं, शेजारचे काका म्हणतात दिव्यांगाचा दाखला काढून ठेवा, त्यावर टक्के असतात. ते टक्के म्हणजे हेच का? आई ७५ टक्के बरी आहे की ७५ टक्के अपंग?

बंडू_फुरसुंगी | सोमवार, रात्री ९.५२

७५ ला डिस्टिंक्शनच. आमच्या काळी ६० ला गल्लीभर पेढे वाटायचे.

हाडवैरी | सोमवार, रात्री १०.३०

मी फिजिओ, नाशिकला. (आयडी पेशंटनी ठेवलाय.)

बार्थेल हा अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १९६५ साली आलेला तक्ता. रोजची दहा कामं: जेवण, अंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासला जाऊन येणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं, जिने. मार्क पाचाच्या पटीत. अंघोळीला जास्तीत जास्त ५, खाटेवरून खुर्चीत जाण्याला आणि चालण्याला १५-१५, सगळ्यांची बेरीज १००. माणसाला दुसऱ्याच्या हाताची गरज किती लागते, एवढंच यात कळतं. काठी, वॉकर, स्प्लिंट वापरून स्वतःचं स्वतः केलं तर पूर्ण मार्क. पण शेजारी नुसतं "पडशील हं" म्हणायला कुणी उभं राहावं लागत असेल तर मार्क कापायचे.

त्यामुळे ७५ म्हणजे ७५ टक्के बरी असं अजिबात नाही. हात किती सुधारला याचाही त्यात पत्ता नाही. त्यासाठी फ्यूगल-मायर म्हणून वेगळी तपासणी असते, हाताचे ६६ मार्क. बोलण्याला तर बार्थेलमध्ये घरच नाही. तुमच्या आईची शिवी कितीही स्पष्ट असली तरी मार्क शून्य.

फिजिओंकडून मार्कांची फोड मागून घ्या. बेरजेपेक्षा फोडीत जास्त कळतं.

ठाण्याचा_बाळू | सोमवार, रात्री १०.४४

आमच्या मामांचा कागद दुसऱ्या दवाखान्यात नेला तर तिथल्या पोराने "१४" लिहिलं. आधीच्या ठिकाणी ६५ होते. मामींनी तिथेच हंबरडा फोडला. नंतर समजलं की २० पैकी मार्क देण्याचीही एक पद्धत आहे आणि १४ म्हणजे जवळपास तेवढेच, उलट पाचाने जास्त. किती पैकी ते लिहायला शाई संपते का?

सदाशिव_पेठ | सोमवार, रात्री ११.०५

धाग्यात वारं, दवाखान्यात स्ट्रोक. शब्द अर्धांगवायू किंवा पक्षाघात. इतकंच सांगायचं होतं.

बंडू_फुरसुंगी | सोमवार, रात्री ११.१०

पक्षाघात म्हटलं की आमच्याकडे एक गडी आहे, कबुतराचं रक्त चोळतो. चुलत्याला तीन महिन्यांत चालता केला.

हाडवैरी | सोमवार, रात्री ११.१४

पक्षाघातातला पक्ष म्हणजे बाजू, भाऊ. पक्षी नव्हे. सोडा त्या कबुतराला.

पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहूनच बराच सावरतो. त्या काळात जो कुणी काही चोळत असेल त्याचं नाव होतं. (आमचंही होतं, ते वेगळं.) वाईट एवढंच की तिथे रांगेत बसण्यात व्यायामाचे चांगले दिवस निघून जातात.

कृष्णाकाठची | मंगळवार, सकाळी ११.२०

फोड मिळाली. जेवण ५, अंघोळ ०, विंचरणं-तोंड धुणं ५, कपडे ५, शौच १०, लघवी १०, संडासला जाणं ५, खाट-खुर्ची १५, चालणं १५, जिने ५. बेरीज ७५.

वाचून मी चाटच पडले. जेवण ५? केस ५? काल रात्री वेणी मी घातली, वरण-भात वहिनीने कालवून घास भरवला.

ओटीवाली | मंगळवार, दुपारी २.१५

ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. ऑपरेशन थिएटर नाही आणि खणानारळाचीही नाही. हे लग्नात सगळ्यांना समजावून दमले म्हणून इथे आधीच सांगते.

कृष्णाकाठची, तुमच्या फिजिओंनी खोटे मार्क दिलेले नाहीत, पण प्रश्न बदलला. त्यांनी "करू शकतात का?" हे पाहिलं. बार्थेलचा नियम "करतात का?" असा आहे. गेल्या एक-दोन दिवसांत घरी प्रत्यक्ष काय झालं, ते पेशंटला आणि सांभाळणाऱ्याला विचारून भरायचं असतं.

हा फरक जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीएफ या वर्गीकरणात फार नीट मांडलाय, २००१ सालचं आहे. एकीकडे क्षमता: सपाट फरशी, कठडे, शिकवणारा समोर, अशा ठिकाणी माणूस काय करू शकतो. दुसरीकडे कामगिरी: स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत काय करतो. दोन्हींत अंतर पडलं की मधे काय आडवं येतंय ते शोधायचं. कधी तो उंबरठा असतो, कधी ओली मोरी, कधी भारतीय बैठकीचा संडास. आणि कधी प्रेमळ सून. आयसीएफमध्ये जवळच्या कुटुंबाला ई-३१० असा क्रमांकच आहे आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह लावून मदत म्हणूनही नोंदवता येतं, अडथळा म्हणूनही नोंदवता येतं.

वहिनींना नावं ठेवत नाहीये. घास भरवला की दहा मिनिटांत जेवण उरकतं, आईंच्या हाताने पाऊण तास लागतो आणि अर्धं अंगावर सांडतं. घरात तिघांचे डबे करायचे असतात. कुणीही भरवेल.

हाडवैरी | मंगळवार, दुपारी ३.००

ओटीवाली, नियम पाठ आहे हो. ओपीडीत एका पेशंटमागे वीस मिनिटं मिळतात. "घरी जेवता का हाताने?" विचारलं की पेशंट हो म्हणतो, मागून मुलगा नाही म्हणतो, आणि पेशंट मुलाकडे असा बघतो की पुढच्या वेळी मुलगाही हो म्हणतो. मग मी जे डोळ्यांनी दिसतं ते लिहितो.

ओटीवाली | मंगळवार, दुपारी ३.०८

मग वर "ओपीडीत पाहिलेले" असं तरी लिहा. दोन शब्द.

हाडवैरी | मंगळवार, दुपारी ३.१०

बरं बाई.

डावखुरा_नाइलाजाने | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

तीन वर्षं झाली. तेव्हा वय ४९, बँकेत होतो. उजवी बाजूच. माझा बार्थेल सहाव्या महिन्यात १०० झाला. डॉक्टरांनी हस्तांदोलन केलं (डाव्या हाताने). घरी आलो आणि वाटलं, शंभर मिळाल्यावर आता पुढे काय? कारण मला बँकेत जाता येत नव्हतं. दोन ओळींचं पत्र वाचताना पहिली ओळ विसरायची. दुपारी बारानंतर बॅटरी उतरल्यासारखा आडवा. दहापैकी दहा कामं स्वतः करत होतो आणि माणूस म्हणून घरात नुसता बसून होतो.

पुढे कुतूहलाने वाचलं तेव्हा समजलं की ज्यांनी हा तक्ता केला त्यांनीच तेव्हा बजावलं होतं: १०० मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही, त्याला स्वयंपाक, घर सांभाळणं, चारचौघांत वावरणं जमेलच असं नाही, फक्त सोबतीला माणूस लागणार नाही. ही सूचना कागदावर छापत का नाहीत?

माझ्या न्यूरॉलॉजिस्टांनी रँकिन २ लिहिलं. तो तक्ता मूळ १९५७ सालचा, ग्लासगोचा, पुढे सुधारून ० ते ६ झाला. २ म्हणजे पूर्वीचं सगळं जमत नाही पण स्वतःचं स्वतः बघतो. मला तो जास्त प्रामाणिक वाटला. पाहिलं तर ६ म्हणजे मृत्यू. म्हटलं चला, अजून चार घरं लांब आहोत.

जेवणाबद्दल. बार्थेलमध्ये जेवणाला १० की ५, हे घास कापून द्यावा लागतो का यावर ठरतं. सुरी-काट्याच्या मुलखातला हिशोब. आपल्याकडे प्रश्न भाकरीचा. एका हाताने भाकरी मोडून बघा कुणीतरी! ताट सरकतं, भाकरी ताटाबाहेर पळते. मी शेवटी ताटाखाली ओला पंचा घालायला शिकलो, भाकरी तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबायची आणि बोटांनी तुकडा ओढायचा. त्यात डावा हात. पहिल्यांदा पंगतीत बसलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी "उजव्या हाताने जेव रे" म्हणून टोकलं. बायको काहीतरी बोलणार तेवढ्यात मीच म्हटलं, "आजोबा, तो रजेवर आहे."

सदाशिव_पेठ | मंगळवार, रात्री ८.१५

हा प्रतिसाद आवडला. शुद्धलेखनही.

मिरजेची_सतार | मंगळवार, रात्री ९.००

जेवणावरून आमच्या सासऱ्यांचं सांगते. त्यांना मेंदूच्या उजव्या बाजूला झटका, म्हणजे डावं अंग. हातपाय लवकर सुधारले, मार्क भराभर वाढले. पण जेवताना चटणी, कोशिंबीर, लोणचं सगळं तसंच. सासूबाईंना वाटलं तोंडाची चव गेली. पंधरा दिवस रोज नवी कोशिंबीर. मग एकदा ताट चुकून उलटं ठेवलं गेलं, तर त्यांनी कोशिंबीर चाटून पुसून खाल्ली आणि भाजीला हात लावला नाही!

डावी बाजू त्यांच्यासाठी नव्हतीच. दाढीसुद्धा उजव्या गालाचीच करायचे. बार्थेलात तोंड धुणं-दाढी ५ पैकी ५ होते, कारण दाढी ते स्वतः करत.

ओटीवाली | मंगळवार, रात्री ९.२५

वा! डाव्या बाजूचं दुर्लक्ष इतक्या चांगल्या रीतीने मी कुणाला समजावलं नव्हतं. उद्यापासून ताटाचं डावं-उजवं वापरणार.

हाडवैरी | मंगळवार, रात्री ९.४०

म्हणूनच काही ठिकाणी एफआयएम ही स्वावलंबन मोजायची मोठी यादी वापरतात. १८ बाबी, प्रत्येकीला १ ते ७, म्हणजे १८ ते १२६. त्यातल्या पाच समजणं, बोलणं, आठवण, माणसांत मिसळणं, अडचण सोडवणं अशा. बार्थेलपेक्षा बरंच जास्त पकडते. भरायलाही तितकाच वेळ लागतो.

इसारच्या_काठी | मंगळवार, रात्री ११.५०

म्युनिकहून. आयसीएफचा विषय निघाला म्हणून. पूर्ण आयसीएफ म्हणजे चौदाशेच्या वर बाबी, कुणीच भरणार नाही. त्यामुळे त्यातून स्ट्रोकसाठी निवडक संच केला गेला, त्या कामात इथल्या विद्यापीठातली मंडळी पुढे होती. मोठा संच १३० बाबींचा, छोटा १८ चा.

माझी सासू जर्मन. इथे देखभालीचा पैसा मिळायला १ ते ५ अशी पायरी ठरवतात, त्यासाठी तपासनीस घरी येतात. २०१७ आधी रोज किती मिनिटं मदत लागते ते मोजत, आता माणूस किती स्वावलंबी आहे ते बघतात. घरी येऊन बघतात, म्हणजे ओटीवाली म्हणतात तसं, चांगलंच. पण आमच्या बाईंनी काय करावं? तपासनीस येणार म्हणून सकाळी केस सेट करून घेतले, केक मागवून "मीच केला" म्हणाल्या, आणि प्रत्येक प्रश्नाला "हो, मीच करते". स्वाभिमान नडला, पायरी खालची मिळाली.

कागदोपत्री | बुधवार, सकाळी ८.१०

अगदी अगदी! दाखल्याचं मी सांगतो, वडिलांचा काढलाय.

एक, कृष्णाकाठची, ते टक्के आणि बार्थेल यांचा संबंध नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. दाखल्यावरचे टक्के अवयवाची ताकद, हालचाल, समन्वय तपासून ठरतात. बहुतेक सवलतींना ४० टक्के हा उंबरा. बार्थेल वाढला की आनंद, टक्के वाढले की सवलत. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये ठेवले की आपल्याला कशाचा आनंद झालाय तेच कळत नाही.

दोन, घाई नको. आम्हाला सहा महिने होऊन गेल्यावर या म्हणून परत पाठवलं होतं, कारण तोवर सुधारणा चालू असते. आधी ऑनलाइन यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज भरा, मग तारीख मिळते.

तीन, वडील. माजी सैनिक. एरवी घरात पाय ओढत चालणारा माणूस बोर्डाच्या डॉक्टरांसमोर परेडला निघाल्यासारखा चालला. छाती पुढे, नजर समोर. मी मागून खुणा करतोय, "बाबा, हळू", तर मोठ्याने म्हणाले, "मला काही झालेलं नाही." ३५ टक्के मिळाले. पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, पुन्हा त्या लाकडी बाकावर चार तास, आणि तो बाक स्ट्रोकच्या पेशंटला हात न टेकता उठताच येणार नाही इतका ठेंगणा. कुठलं रुग्णालय ते लिहीत नाही.

चार, प्राप्तिकरात जुनी पद्धत निवडली असेल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसासाठी ७५,०००, आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० वजावट मिळते.

बंडू_फुरसुंगी | बुधवार, सकाळी ८.३०

आमच्या चुलत्याला घेऊन जातो आता. कबुतराने चालता केलाय, टक्के मिळतील ना?

कागदोपत्री | बुधवार, सकाळी ८.३३

कबुतराचे ५ टक्के वजा.

ओटीवाली | बुधवार, दुपारी १.००

अजून एक राहिलं. आईंना काय करायचंय ते कुणी विचारलंय का? मार्क आपण ठरवलेल्या दहा कामांचे. बोलता येत नसेल तर वस्तू किंवा फोटो समोर ठेवा, बोट दाखवू देत. "हो"चं "नको" होतं कधीकधी, म्हणून दोनदा, वेगळ्या क्रमाने विचारा. आणि उदास वाटत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. स्ट्रोकनंतर तिघांतल्या एकाला तरी नैराश्य येतं, त्यात माणूस येत असलेलंही करत नाही आणि आपण त्याला आळस म्हणतो.

आणि दादांना सांगा, दुखऱ्या बाजूचा दंड धरून ओढायचं नाही. खांदा निखळतो. कमरेला पट्टा बांधून तिथे धरायचं.

कृष्णाकाठची | पुढचा बुधवार, रात्री १०.१५

आठवडाभर गप्प होते कारण वही घातली होती. दहा कामं, रोज कोण काय करतं. आई काय करू शकते ते नाही, काय करते ते.

जेवण ० (वहिनी). अंघोळ ०. केस-तोंड ० (मी). कपडे ५. शौच १०, लघवी १०. संडासला जाणं ५. खाटेवरून उठणं १०, कारण दादा आपोआप हात देतो. चालणं १०, पुन्हा दादा. जिने ०, कारण दादा चढूच देत नाही. बेरीज ५०.

म्हणजे २५ मार्क आम्ही तिघांनी मिळून खाल्ले. कागद भिंतीवर लावला. दादा बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी १५ खाल्ले?" वहिनी म्हणाली, "आमच्या वाट्याला पाच-पाचच."

ओल्या पंच्याची युक्ती चालली. भाकरी अजून नाही जमत, पण भाकरीचा काला करून चमच्याने सगळा खाल्ला. चाळीस मिनिटं. निम्मा वेळ वहिनी मोरीत जाऊन उभी होती, समोर असली की हात पुढे जातो म्हणून. मोरीत लोखंडी नळीचा कठडा बसवला.

आता ओटीवाली यांचा प्रश्न. मी देवघर, तुळस, टीव्ही, नातवाचा फोटो, शेगडी असं काय काय दाखवलं. सगळ्याला "नको". मग तिने स्वतःच्या गाऊनची बाही चिमटीत धरली आणि ती शिवी घातली. कपाटाकडे बोट. चार महिने दवाखान्याच्या सोयीचा गाऊन, आणि समोरून रोज माणसं बघायला येतात. तिला साडी हवीय. कपड्यांचे ५ मार्क आम्ही गाऊनवर मोजत होतो.

सहावारी एका हाताने नेसता येईल अशी काही सोय आहे का?

ओटीवाली | पुढचा बुधवार, रात्री १०.४०

आहे. शिवलेली साडी. निऱ्या शिवून घ्यायच्या, कमरेला नाडी नको, इलॅस्टिक किंवा वेल्क्रो. परकराची नाडीही काढून टाका. ब्लाउज पुढून उघडणारा, हुकांऐवजी वेल्क्रो. घालताना आधी उजवा हात बाहीत, मग डावा. काढताना उलट. कुठलाही शिंपी करून देईल, एक जुनी साडी द्या आधी.

कृष्णाकाठची | त्यानंतरचा सोमवार, संध्याकाळी ६.०५

जांभळी इरकल शिवून आणली. खुर्चीत बसून घातली, पंचवीस मिनिटं, वेल्क्रो दोनदा चुकलं. पदराला पिन मात्र एका हाताने होत नाही, ती वहिनीने लावली.

हाडवैरी | त्यानंतरचा सोमवार, संध्याकाळी ६.३०

पिन लावायला माणूस लागला? मग कपडे ५ च. नियम म्हणजे नियम.

कृष्णाकाठची | त्यानंतरचा सोमवार, संध्याकाळी ६.४१

आईला वाचून दाखवलं. तिने तुम्हाला ती शिवी सांगितली आहे.